शेव्हरोले मोटारगाडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) एक जुने व प्रसिद्ध मोटारगाडीचे नाव. ३ नोव्हेंबर १९११ रोजी डिट्रॉइट येथे शेव्हरोले मोटर कार कंपनी स्थापन झाली आणि १९१८ मध्ये ती जनरल मोटर्स या उद्योगसमूहाचा एक विभाग बनली. समूहाच्या गाड्यांमध्ये कॅडिलॅक ही सर्वांत वरची पायरी, तर शेव्हरोले ही सर्वांत खालची. शिक्षक, शेतकरी, कारखान्यातील कामगार, लहान दुकानदार अशा बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांनी हप्त्यांवर घेतलेली आणि पुढे दहापंधरा वर्षे वापरलेली गाडी म्हणून ती ओळखली गेली. त्यामुळे शेव्हरोलेचा इतिहास हा केवळ भांडवलदारांचा व अभियंत्यांचा इतिहास नाही. मालकांना गाडीचा काय अनुभव आला आणि तो कंपनीने कितपत ऐकून घेतला, यावर या नावाचे बरेचसे चढउतार अवलंबून राहिले.

नाव व संस्थापक : गाडीला ज्याचे नाव मिळाले तो लूई शेव्हरोले (१८७८–१९४१) मूळचा स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ येथील एका घड्याळजीचा मुलगा. त्याचे बालपण फ्रान्समधील बोन या गावी गेले. सायकलींची दुरुस्ती व शर्यती यांतून तो मोटारींकडे वळला आणि १९०० मध्ये प्रथम कॅनडात व नंतर न्यूयॉर्कला गेला. ब्यूइक कंपनीच्या शर्यती संघातील धाडसी चालक म्हणून त्याचे नाव अमेरिकेत झाले. कंपनीचा खरा सूत्रधार मात्र विल्यम क्रेपो ड्युरंट (१८६१–१९४७) हा होता. फ्लिंट या गावी घोडागाड्यांचा मोठा कारखाना उभारल्यानंतर ड्युरंटने १९०४ मध्ये ब्यूइक कंपनी हाती घेतली व १९०८ मध्ये जनरल मोटर्सची स्थापना केली. कर्ज काढून एकामागून एक कंपन्या विकत घेण्याच्या त्याच्या सपाट्यामुळे समूह अडचणीत आला आणि १९१० मध्ये सावकार बँकांनी त्याला सत्तेवरून दूर केले. हातचे गेलेले परत मिळविण्यासाठी त्याला एक नवी गाडी हवी होती. आणि त्या गाडीसाठी लोकांच्या तोंडी असलेले एक नाव हवे होते.

पहिली गाडी ‘क्लासिक सिक्स’ ही सुमारे ४,९०० घ. सेंमी. क्षमतेच्या सहा सिलिंडरी एंजिनाची, ऐसपैस व महागडी होती. तिची किंमत २,१५० डॉलर होती. लूईला अशीच गाडी हवी होती. ड्युरंटला मात्र हजारोंनी खपेल अशी स्वस्त गाडी हवी होती. या मूलभूत मतभेदातून लूई १९१३ मध्ये बाहेर पडला. ड्युरंटने त्याला सिगारेट सोडून सिगार ओढण्यास सांगितले व त्यावरून भांडण विकोपाला गेले, ही कथा नेहमी सांगितली जाते. पण ती मूळ कारणापेक्षा निमित्त असण्याचाच संभव अधिक. जाताना त्याने आपले भाग विकून टाकले आणि स्वतःच्या नावाचा हक्कही मागे ठेवला. पुढे त्याने व त्याच्या भावांनी फ्रन्टनॅक या नावाने शर्यतीच्या गाड्या बनविल्या. धाकटा भाऊ गॅस्टन याने १९२० ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली व त्याच वर्षी दुसऱ्या शर्यतीत तो अपघाताने मृत्यू पावला. महामंदीत लूईचे उद्योग बुडाले. उतारवयात त्याने डिट्रॉइटमध्ये शेव्हरोलेच्याच कारखान्यात काही काळ नोकरी केली. त्याच्या नावाच्या गाड्या तोवर वर्षाला लाखोंनी विकल्या जात होत्या.

गाडीवरील ‘बो-टाय’ची आकृती १९१३ च्या सुमारास आली. ती पॅरिसमधील एका हॉटेलच्या भिंतीवरील कागदावरून घेतली, असे ड्युरंट सांगत असे. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने ती रेखाटल्याचे त्याची मुलगी सांगे, तर वर्तमानपत्रातील कोळशाच्या एका जाहिरातीवरून ती सुचल्याचे त्याच्या पत्नीने सांगितले. एकाच घरातील तीन माणसांच्या तीन आठवणी एकमेकींशी जुळू नयेत, हे या उद्योगाच्या आरंभकाळाला साजेसेच आहे.

स्वस्त गाडीकडे : ड्युरंटच्या मनातील गाडी १९१५ मध्ये जाहीर झाली. तिची किंमत ४९० डॉलर होती आणि तेच तिचे नावही ठेवण्यात आले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची किंमतही त्यावेळी तेवढीच होती, फोर्डने ती लगेच ४४० डॉलरपर्यंत उतरवली. ४९० गाडीला विजेचे दिवे व स्वयंचालक (स्टार्टर) हवा असल्यास जादा पैसे मोजावे लागत. तथापि तिच्या चार सिलिंडरी एंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या माथ्यावर बसविलेल्या होत्या. ही रचना त्या काळच्या स्वस्त गाड्यांत क्वचितच आढळे आणि पुढील अनेक दशके ती शेव्हरोलेची खूण ठरली. गाडी इतकी खपली, की ड्युरंटने शेव्हरोलेचे भाग देऊन त्यांच्या मोबदल्यात जनरल मोटर्सचे भाग गोळा केले व १९१६ मध्ये तो पुन्हा त्या समूहाचा अध्यक्ष झाला. लहान कंपनीने मोठी गिळल्याचे हे उदाहरण औद्योगिक इतिहासात विरळाच आहे. १९२० च्या मंदीत मात्र ड्युरंट पुन्हा व कायमचा बाहेर फेकला गेला.

त्यानंतरचे वर्ष शेव्हरोलेच्या दृष्टीने जीवनमरणाचे ठरले. समूहाची पाहणी करण्यास नेमलेल्या सल्लागार अभियंत्यांनी १९२१ मध्ये असा अभिप्राय दिला, की शेव्हरोलेला फोर्डशी स्पर्धा करता येणे शक्य नाही. सबब हा विभाग बंद करावा. ॲल्फ्रेड पी. स्लोन (१८७५–१९६६) यांनी त्याला विरोध केला. फोर्डइतकी स्वस्त गाडी करण्याचा हट्ट सोडावा. थोडे अधिक पैसे देऊन बरीच चांगली गाडी मिळते असे ग्राहकास वाटले, की पुरे, असे त्यांचे धोरण होते. स्लोन १९२३ मध्ये समूहाचे अध्यक्ष झाले. फोर्डमधून आलेले विल्यम नूडसन १९२४ च्या प्रारंभी शेव्हरोले विभागाचे प्रमुख झाले.

याच काळात तांब्याच्या शीतकाची गाडी निघाली व फसली. विजेच्या स्वयंचालकाचा शोध लावणारे चार्ल्स एफ. केटरिंग (१८७६–१९५८) यांनी पाण्याऐवजी हवेने थंड होणारे एंजिन तयार केले. सिलिंडरभोवती तांब्याच्या पातळ पाकळ्या जोडलेल्या असत व पंख्याने त्यांवरून हवा खेचली जाई. पाणी नाही, म्हणून हिवाळ्यात ते गोठून एंजिन फुटण्याची भीती नाही, असा त्यामागील विचार होता. जानेवारी १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. प्रत्यक्ष रस्त्यावर एंजिन तापे, तापले की त्याची शक्ती घटे व आवाज वाढे. एकूण ७५९ गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी २३९ कारखान्यातच मोडीत काढण्यात आल्या. सामान्य ग्राहकांच्या हाती जेमतेम १०० गाड्या पडल्या होत्या. तक्रारी येऊ लागताच कंपनीने जून १९२३ मध्ये सर्व गाड्या परत मागविल्या. संशोधनशाळेचा आग्रह व कारखान्याचा अनुभव यांच्या ओढाताणीत निर्णय दोन वर्षे लांबला होता. ग्राहकांच्या अनुभवाने तो काही महिन्यांत लागला. पुढील काळात शेव्हरोलेने तक्रारींना इतक्या तत्परतेने मान दिल्याची उदाहरणे फार नाहीत. परत मागविलेल्यांपैकी एक गाडी हेन्री फोर्ड यांच्या संग्रहालयात राहिली.

दरम्यान बाजारच बदलत होता. हप्त्यांनी गाडी घेण्याची सोय जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतंत्र कंपनी काढून केली होती. जुनी गाडी देऊन नवी घेण्याची चाल पडली होती आणि उन्हापावसापासून बचाव करणाऱ्या बंदिस्त गाड्यांची मागणी वाढली होती. पहिलीच गाडी घेणारा फोर्डकडे जाई. दुसरी घेणारा मात्र थोडा आराम, थोडा रंग व चालविण्यातील सोपेपणा शोधीत असे. १९२५ ची सुधारित शेव्हरोले नेमकी याच ग्राहकासाठी होती. १९२७ मध्ये फोर्डने मॉडेल टी बंद करून कारखाना नव्या गाडीसाठी थांबविला. त्या वर्षी शेव्हरोलेने १० लाखांचा टप्पा गाठून पहिले स्थान मिळविले.

सहा सिलिंडरी एंजिन व त्याचे मालक : १९२९ सालासाठी शेव्हरोलेने चार सिलिंडरांच्या किंमतीत सहा सिलिंडरांची गाडी आणली. सुमारे ३,२०० घ. सेंमी. क्षमतेच्या या एंजिनात दट्टेही ओतीव लोखंडाचे होते. अभियंत्यांनी त्यावरून त्याची थट्टा केली. साध्या, खाचेच्या डोक्याच्या बोल्टांमुळे लोकांनी त्याला ‘चुलीच्या बोल्टांचे एंजिन’ असे नाव दिले. पण त्या नावात तुच्छतेपेक्षा जिव्हाळाच अधिक होता. वेळोवेळी बदल होत या घराण्याची एंजिने १९६० नंतरही काही वर्षे गाड्यांत बसविली गेली.

या एंजिनाविषयी मालकांचे मत बरेचसे एकमुखी होते. ते कमी प्रतीच्या पेट्रोलवर चाले, हलक्या हाताने वापरल्यास वर्षानुवर्षे टिके आणि घराच्या अंगणात चार पान्यांनी उघडता येई. महामंदीच्या काळात ज्यांना दुरुस्तीच्या दुकानाचा खर्च परवडत नव्हता, त्यांच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोठा होता. दोषही त्यांना माहीत होते. जोडदांड्यांच्या धारव्यांना तेल दाबाने न मिळता मुख्यतः उडणाऱ्या तेलाच्या तुषारांतून मिळे. गावातल्या गावात ही व्यवस्था पुरेशी होती; पण लांबच्या रस्त्यावर तासन्‌तास भरधाव गाडी हाकणाऱ्यांना धारवे ठोठावू लागल्याचा अनुभव येई. पूर्ण दाबाचे स्नेहन १९५३–५४ मध्ये आले. १९४० ते १९४८ या काळातील गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता व एंजिनाच्या निर्वाताने तो हलविण्यास मदत होई. एका बोटाने गिअर पडतो, असे विक्रेते सांगत. ते खरेही होते; परंतु घाई केली तर दांडा ऐकत नसे आणि यंत्रणा झिजली की दोन बोटेही पुरत नसत. निर्वातावरच चालणारे काचेवरील पुसणे तर चढावर, म्हणजे नेमके वेगदाबकावर पाय असताना, मंदावत असे. अशा गोष्टींवर मालक कुरकुरत, पण गाडी बदलत नसत. बदललीच तर पुन्हा शेव्हरोलेच घेत.

कारखान्यातील जीवन याहून वेगळे होते. पट्ट्याचा वाढता वेग व नोकरीची अशाश्वती यांविरुद्ध फ्लिंट येथे ३० डिसेंबर १९३६ पासून कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. १ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी शेव्हरोलेचा चौथ्या क्रमांकाचा एंजिन-कारखाना ताब्यात घेतला आणि संपाचे पारडे फिरले. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या संघटनेस मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या आरंभापासून प्रवासी गाड्यांचे उत्पादन थांबले व कारखाने लष्करी वाहने आणि विमानांची एंजिने यांकडे वळले.

सुबत्तेचा काळ : युद्धानंतर शेव्हरोलेने १९५० मध्ये ‘पॉवरग्लाइड’ ही स्वयंचलित गिअरपेटी स्वस्त गाड्यांत प्रथमच आणली. तिला दोनच गती होत्या. वेग घेण्यात ती मंद होती, पण क्वचितच बिघडे. १९५३ मध्ये हार्ली अर्ल यांच्या कल्पनेतील ‘कॉर्व्हेट’ ही काचतंतु-प्रबलित प्लॅस्टिकच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी निघाली. पहिल्या वर्षी तिच्या ३०० च गाड्या झाल्या व त्यांत जुनेच सहा सिलिंडरी एंजिन होते. तिला खरा वेग झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याच्या हाती आल्यावर मिळाला.

१९५५ ची शेव्हरोले हा या नावाच्या इतिहासातील उच्चबिंदू मानला जातो. एडवर्ड एन. कोल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले तिचे आठ सिलिंडरी ‘व्ही’ आकाराचे एंजिन सुमारे ४,३४० घ. सेंमी. क्षमतेचे व मूळ रूपात १६२ अश्वशक्तीचे होते. पातळ ओतकाम आणि पत्र्यापासून ठोकून काढलेल्या झडपदांड्या यांमुळे ते हलके व स्वस्त झाले. या घराण्यातील १० कोटींवे एंजिन २०११ मध्ये तयार झाले. १९५५ साली सुमारे १७ लाख शेव्हरोले गाड्या बनल्या. या व पुढील दोन वर्षांच्या गाड्या संग्राहकांच्या विशेष आवडीच्या आहेत. तथापि आजची त्यांची झळाळी पाहून त्या निर्दोष होत्या असे समजणे बरोबर नाही. पहिल्या वर्षीच्या आठ सिलिंडरी एंजिनात तेल-गाळणीची अंगभूत सोयच नव्हती. पुढच्या दिव्यांवरील पत्र्याच्या खोबणीत चिखल व हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ साचून तो भाग आतून गंजत असे. १९५७ ची ‘टर्बोग्लाइड’ गिअरपेटी इतकी त्रासदायक ठरली, की जाणते मालक जुन्या पॉवरग्लाइडचाच आग्रह धरीत. पेट्रोल भरण्याचे तोंड १९५६ च्या गाडीत मागच्या डाव्या दिव्याआड व १९५७ च्या गाडीत डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीमागे दडविलेले होते. ते शोधताना पंपावरील पोरांची होणारी फजिती पाहण्यात मालकांना मौज वाटे.

या गाड्यांच्या टिकाऊपणाची खरी कसोटी अमेरिकेबाहेर लागली. १९५९ च्या क्रांतीनंतर व अमेरिकेने घातलेल्या व्यापारबंदीनंतर क्यूबात नव्या गाड्या व सुटे भाग येणे थांबले. तेथील मालकांनी रशियन एंजिने बसवून, भाग हाताने घडवून व पत्र्यावर ठिगळे जोडून १९५० च्या दशकातील शेव्हरोले गाड्या एकविसाव्या शतकातही रस्त्यावर ठेवल्या.

मालकांच्या मताला पद्धतशीर स्थान याच काळात मिळाले. पॉप्युलर मेकॅनिक्स हे मासिक मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांचे अनुभव छापू लागले. १९३६ मध्ये स्थापन झालेली ग्राहकांची संस्था कन्झ्यूमर्स युनियन आपल्या वाचकांकडून दुरुस्तीच्या नोंदी मागवून त्यांचे तक्ते प्रसिद्ध करू लागली. गाडी चार दिवस हाकून लिहिलेले परीक्षण व ती चार हिवाळे वापरून भरलेली प्रश्नावली यांतील अंतर त्यामुळे प्रथमच उघड दिसू लागले.

कॉर्व्हेअर ते व्हेगा : १९६० सालासाठी आलेली ‘कॉर्व्हेअर’ ही एडवर्ड कोल यांचीच कल्पना होती. ॲल्युमिनियमचे, हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरी एंजिन मागच्या बाजूस होते. छोट्या आयात गाड्यांना उत्तर म्हणून काढलेल्या या गाडीची रचना अमेरिकेत अभूतपूर्व होती. मागची चाके दोलन-आसांवर बसविलेली होती. तीव्र वळणावर बाहेरचे चाक गाडीखाली मुडपले जाऊन मागचा भाग एकाएकी घसरण्याचा त्यात धोका असे. यावर उपाय म्हणून पुढच्या टायरांत १५ व मागच्या टायरांत २६ पौंड हवा भरण्याची सूचना पुस्तिकेत होती. वळताना गाडीचा कल आवरणारा दांडा स्वस्ताईसाठी गाळलेला होता. पंपावर हवा भरणारा पोरगा चारी चाकांत सारखीच हवा भरी आणि मालकाला त्यात काही वावगे दिसत नसे; कारण त्या दोन आकड्यांवर त्याचे प्राण अवलंबून आहेत, असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. अभियंत्यांनी निवडलेली रचना व सामान्य माणसाचे गाडीशी असलेले रोजचे वागणे यांतील ही दरी हाच या प्रकरणाचा गाभा होय.

१९६४ मध्ये मागे आडवी कमान घालून व १९६५ मध्ये मागची सर्व रचना बदलून दोष दूर करण्यात आला; पण तोवर शंभराहून अधिक दावे दाखल झाले होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे अनसेफ ॲट एनी स्पीड हे पुस्तक प्रसिद्ध झाले; त्यातील पहिले प्रकरण कॉर्व्हेअरविषयी होते. जनरल मोटर्सने नेडर यांच्या खाजगी आयुष्यावर हेर लावल्याचे उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये समूहाचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन-सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. शासकीय चाचण्यांवर आधारलेल्या १९७२ च्या अहवालात मात्र कॉर्व्हेअर तत्कालीन तुलनीय गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष निघाला. तो निघाला तेव्हा गाडी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. हिच्या मालकांत पहिल्यापासून दोन तट आहेत. एकास ती फसवणूक वाटते. दुसरा तिच्या हलक्या सुकाणूची व निराळेपणाची तारीफ करतो, आणि तेल गळते हे मात्र दोघेही मान्य करतात.

विक्रीवर या वादाचा लगेच परिणाम झाला नाही. १९६५ मध्ये एकट्या ‘इंपाला’ गाडीचा खप १० लाखांहून अधिक झाला. परंतु याच काळातील गाड्यांमुळे १९७१ च्या डिसेंबरात कंपनीला ६६ लाखांहून अधिक वाहने परत मागवावी लागली. एंजिन ज्या रबरी आधारांवर टेकलेले असते ते तुटून एंजिन वर उचलले जाई व वेगदाबकाची जोडणी ओढली जाई. आधार बदलून न देता एंजिन जागेवर राखणारी एक पोलादी तार बसवून देण्यात आली. हा उपाय स्वस्त होता व तो मालकांना तसा वाटलाही.

‘व्हेगा’ (१९७१–७७) ही छोटी गाडी याच मालिकेतील. तिच्या ॲल्युमिनियम एंजिनाच्या सिलिंडरांना लोखंडी अस्तर नव्हते. पाणी थोडे कमी झाले तरी एंजिन तापून सिलिंडर वाकत व पुढे ते पेट्रोलइतक्याच सहजपणे तेल पिऊ लागत. पुढची मडगार्डे एकदोन हिवाळ्यांत गंजून भोके पडत. ती हजारो मालकांना फुकट बदलून द्यावी लागली. तासाला १०० गाड्या काढण्याचे उद्दिष्ट असलेल्या ओहायओतील लॉर्ड्‌सटाउन कारखान्यात १९७२ मध्ये संप झाला. कॉर्व्हेअर, व्हेगा आणि १९८० ची ‘सायटेशन’ या तिन्ही गाड्यांना मोटर ट्रेंड या मासिकाने आपापल्या वर्षीची सर्वोत्कृष्ट गाडी ठरविले होते. तिन्हींनी मालकांना मनस्ताप दिला. परीक्षकांचे मत नव्या रचनेवर आधारलेले असे. मालकाला तीच रचना जुनी होईपर्यंत सांभाळावी लागे.

नावाचे मोल : शेव्हरोले या नावाविषयी लोकांना नेमके काय वाटत होते, हे १९७७ च्या एका प्रकरणातून दिसून आले. शिकागोतील एका ग्राहकाच्या नव्या ओल्ड्‌समोबिल गाडीत, त्या गाडीसाठी ठरलेले सुटे भाग बसेनात. पाहता एंजिनच शेव्हरोलेचे निघाले. ओल्ड्‌समोबिल हीदेखील जनरल मोटर्सचीच, पण दोन पायऱ्या वरची व अधिक किंमतीची गाडी. मागणी वाढल्याने कारखान्याने हजारो गाड्यांत शेव्हरोलेचे एंजिन बसविले होते व ग्राहकांस कळविले नव्हते. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दावे लावले. अखेर कंपनीने रोख भरपाई व एंजिनाची वाढीव हमी देऊ केली. गुणवत्तेत ते एंजिन कोणत्याही अर्थाने हलके नव्हते, कदाचित दुरुस्तीस सोपेच होते. तरीही पायरीपायरीने चढण्याची शिडी ग्राहकाला ५० वर्षे दाखविल्यावर, सर्व पायऱ्या एकाच लाकडाच्या आहेत हे कंपनीला त्याला पटवता आले नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथे टोयोटाच्या भागीदारीत १९८४ अखेर सुरू झालेल्या कारखान्यात याचीच उलट बाजू दिसली. तेथे शेव्हरोले व टोयोटा या नावांनी जवळपास एकच गाडी बनत होती. दुय्यम बाजारात टोयोटाच्या नावाची गाडी अधिक किंमतीला विकली जाई. पूर्वीच्या मालकांच्या आठवणी नव्या गाडीच्या किंमतीत उतरल्या होत्या.

जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. पुनर्रचनेत पाँटिअॅक, सॅटर्न यांसारखी नावे संपली, शेव्हरोले टिकली. २०१४ मध्ये ‘कोबाल्ट’ व तत्सम गाड्यांतील चावीच्या खटक्याचा दोष उघडकीस आला. जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी फिरून चालत्या गाडीचे एंजिन बंद पडे, सुकाणूचे साहाय्य जाई व अपघातात हवेच्या पिशव्या फुगत नसत. गाडी मध्येच बंद पडते, अशा तक्रारी मालकांनी वर्षानुवर्षे केल्या होत्या. कंपनीच्या दप्तरी त्यांची नोंद सुरक्षेचा प्रश्न म्हणून न होता ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून झाली. चावीच्या जुडग्यातील जड वस्तू काढून टाका, असा सल्ला देण्यास विक्रेत्यांना २००५ मध्येच सांगण्यात आले होते. मधल्या काळात खटका सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवल्याने शोध घेणे अधिकच कठीण झाले. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा या दोषाशी संबंध मान्य केला. कंपनीने २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर भरून फौजदारी खटल्याबाबत तडजोड केली.

विजेवर चालणाऱ्या ‘बोल्ट’ (२०१७–२३) गाडीच्या घटमालेस आगी लागल्याने २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सर्व, सुमारे १.४ लाख, बोल्ट गाड्या परत मागविण्यात आल्या. या वेळी पूर्ण घटमाला किंवा तिचे भाग बदलून देण्यात आले. इंपाला २०२० मध्ये व मॅलिबू २०२४ मध्ये बंद झाली. शेव्हरोलेची ओळख ज्या साध्या कौटुंबिक सिदान गाडीने घडविली होती, ती तिच्या मायदेशी अशा रीतीने संपली. उंच बांध्याच्या गाड्या, मालवाहू पिकअप व कॉर्व्हेट एवढी तिची मांडणी उरली.

भारतात : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना सुरू केला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला कारखाना होय. तेथून निघालेल्या शेव्हरोले गाड्या, मालमोटारी व बसगाड्यांचे सांगाडे देशभर गेले. राज्य परिवहनाची सेवा १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात असलेल्या निरनिराळ्या बनावटींत शेव्हरोलेचाही समावेश होता. देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांनी केवळ जुळणी करू नये, असे शासकीय धोरण ठरल्यावर १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला.

शेव्हरोले हे नाव २००३ मध्ये भारतात परत आले. २००४ पासून मिळू लागलेली ‘टवेरा’ ही प्रवासी वाहतूक करणाऱ्यांत विशेष रूढ झाली. लग्नाची वऱ्हाडे व देवदर्शनाच्या सहली यांमुळे ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ओळखीची झाली. पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील कारखान्याचे उद्‌घाटन २००८ मध्ये झाले व तेथे ‘स्पार्क’ व ‘बीट’ या छोट्या गाड्या बनू लागल्या. जुलै २०१३ मध्ये २००५ पासूनच्या सुमारे १.१४ लाख टवेरा गाड्या परत मागविण्यात आल्या. तपासणीसाठी पाठवावयाच्या गाड्यांत निवडक एंजिने बसवून धूरविषयक नियमांस बगल दिली गेल्याचे कंपनीने स्वतःच शासनास कळविले होते. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री त्या वर्षाअखेर थांबवीत असल्याचे जाहीर केले. हमी व सुट्या भागांचा पुरवठा चालू राहील असे आश्वासन देण्यात आले, तरी वापरलेल्या शेव्हरोले गाड्यांच्या किंमती उतरल्या. तळेगाव येथे निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालले. तो कारखाना एका चिनी कंपनीस विकण्याचा करार २०२२ मध्ये बारगळला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा ताबा ह्युंदाई कंपनीकडे गेला.